प्लेअरमध्ये गाणी भरायची कशी: सिंक, केबल की थेट कार्ड?

फोनवर सगळं ऐकता येत असताना वेगळा म्युझिक प्लेअर बाळगणारा माणूस मुळात हट्टी असतो, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं जमवलेली गाणी असतात. ती प्लेअरमध्ये न्यायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही मी बऱ्यापैकी तुडवल्या आहेत. एक, म्युझिक सॉफ्टवेअरला सिंक करायला, म्हणजे आपल्या लायब्ररीबरहुकूम प्लेअर आपोआप भरायला लावायचं. दोन, केबल जोडून फोल्डर ओढून टाकायचा. तीन, प्लेअरमधलं मायक्रोएसडी कार्ड काढून रीडरमध्ये घालायचं आणि थेट त्यावरच गाणी भरायची. एमपी३ बरं की फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार), हा वाद इथे नको. रोजची वाट कुठली धरावी, आणि गाणी गेली नाहीत तर कुठल्या वाटेवर घोळ लवकर सापडतो, एवढंच बघू. मी दुसऱ्या प्रश्नाला जास्त वजन देतो. गाणी सुरळीत जात असतात तोवर तिन्ही वाटा सारख्याच सोप्या वाटतात.

आधी सिंक. हे लाड करणारं प्रकरण आहे. प्लेलिस्ट जातात, आपण गाण्यांना दिलेले तारे जातात, फ्लॅकची फाइल जाता जाता एमपी३ करून पाठवता येते, 'गेल्या महिन्यात आलेली आणि अजून न ऐकलेली' अशी यादी आपोआप तयार होऊन प्लेअरमध्ये उतरते. म्युझिकबी आणि मीडियामंकी ही दोन सॉफ्टवेअर या बाबतीत खरंच हुशार आहेत. आणि हातात आयपॉड असेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही. आयपॉड गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, फाइलींना चार अक्षरांची अगम्य नावं देतो आणि कुठलं गाणं कुठे आहे याची नोंद वेगळ्या डेटाबेसमध्ये करतो. त्या नोंदीत नाव नसलेली फाइल हाताने आत टाकली तरी ती त्याच्या लेखी नसतेच. ॲपलने आयपॉड २०२२ च्या मे महिन्यात बंद केला, तरी बॅटरी बदलून जुना वापरणारे पुष्कळ आहेत. मॅकवर कॅटलिना या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ॲपलचं म्युझिक सॉफ्टवेअर आयट्यून्स गेलं आणि सिंक फाइंडर या फाइली बघायच्या खिडकीत आलं. बटणांची जागा बदलली, नियम तेच. (जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स ही पर्यायी प्रणाली घातली तर तो साधा फोल्डर ओळखायला लागतो. पण तो हौसेचा भाग झाला.)

सिंकबद्दल माझं म्हणणं एवढंच की ते निकाल सांगतं, कारण सांगत नाही. 'सिंक पूर्ण' असं येतं आणि एक अल्बम गायब असतो. मूळ फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली असेल तर आयट्यून्समध्ये गाण्याशेजारी उद्गारचिन्ह दिसतं, पण ते बघायला त्या गाण्यापर्यंत जावं लागतं. फक्त खूण केलेलीच गाणी सिंक करा, हा पर्याय कधीतरी चालू राहिलेला असतो. किंवा फाइल फ्लॅक असते, आणि आयपॉडला फ्लॅक चालत नाही, त्याला चालणाऱ्या एएलएसी किंवा एएसी प्रकारात करून द्यावी लागते. त्यात आयपॉड आपोआप सिंकवर ठेवला असेल आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला, तर आतलं पुसून नव्याने भरू का, असा प्रश्न येतो. तो नीट वाचूनच उत्तर द्यावं. तरीही प्लेलिस्ट आणि तारे यांवर ज्याचं ऐकणं चालतं त्याने सिंक सोडू नये, असंच मी म्हणेन.

आता केबल. बहुतेक लोक हीच वाट धरतात. प्लेअरबरोबर केबल येते, फोल्डर ओढता सगळ्यांनाच येतं. पण केबल लावली की आत दोनपैकी एक व्यवस्था चालू होते आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. प्लेअर मास स्टोरेज म्हणून जोडला गेला तर तो पेनड्राइव्हसारखा वागतो, कॉम्प्युटर त्याच्या मेमरीवर थेट लिहितो. एमटीपी (मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल) असेल तर मेमरीचा ताबा प्लेअरकडेच राहतो. ग्रंथालयाच्या खिडकीसारखं ते. कपाटापर्यंत आपण जायचं नाही, चिठ्ठी द्यायची आणि आतला माणूस एकेक पुस्तक आणून देईल. एमटीपी मूळ मायक्रोसॉफ्टचं, २००८ मध्ये यूएसबीच्या अधिकृत प्रकारांत आलं, आणि अँड्रॉइडने तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची वाट धरली. त्यामुळे अँड्रॉइडवर चालणारा प्लेअर घेतला तर केबलला बहुधा एमटीपीच मिळणार. याचा फायदाही आहे. गाणी जात असताना प्लेअर वापरता येतो, आणि केबल ओढली गेली तरी अख्खी मेमरी बिघडायची भीती कमी.

पण माझं मन उडालं ते इथेच. अल्बमचा फोल्डर ओढला, हिरवी पट्टी सरकायला लागली, निम्म्याच्या पुढे गेली आणि थांबली. चूक झाली असा संदेश नाही, 'काही सेकंद बाकी' हे तसंच. प्लेअरचा पडदा एव्हाना विझलेला. रद्द करा म्हटलं तर खिडकी रद्द होत नाही. शेवटी केबल उपसली, परत लावली, प्लेअर परत दिसला. आत पाहावं तर फोल्डर आहे, बरीचशी गाणी आहेत, शेवटच्या गाण्याचं नाव बरोबर, मुखपृष्ठही बरोबर. आणि तेच गाणं अर्धवट गेलेलं.

ते अर्धवट आहे हे त्या वेळी कळत नाही, खरा त्रास हा आहे. लांबलचक ख्याल द्रुतात येतो न येतो तोच तुटतो आणि पुढचं गाणं सुरू होतं, तेव्हा कळतं. अडकते ती बहुधा मोठीच फाइल, कारण तिलाच जास्त वेळ लागतो. मग तोच फोल्डर पुन्हा ओढला की प्रश्न येतो: या नावाची फाइल आहे, बदलू की सोडू? सोडली तर तुटकं गाणं तुटकंच राहतं. सगळ्या बदलल्या तर पहिल्यापासून सगळं पुन्हा, आणि पट्टी पुन्हा कुठेतरी अडकायला मोकळी. तारखा ताडून पाहाव्यात तर एमटीपीतून गेलेल्या फाइलीवर मूळ तारीख बरेचदा टिकत नाही, गाणी भरली तो दिवस पडतो. आकार ताडता येतो, पण एकेका फाइलवर जाऊन. थोडी गाणी असतील तर चालेल. हजारोंच्या घरात असतील तर काय गेलं आणि काय राहिलं हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि मला ती अनिश्चितता सहन होत नाही. तुम्हाला होत असेल तर केबल वाईट नाही.

केबलवरच राहणार असाल तर काही गोष्टींनी खरोखर फरक पडतो. प्लेअर नुसताच चार्ज होत असेल आणि कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. मधला यूएसबी हब काढा, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. प्लेअरच्या सूचनेत 'फाइल ट्रान्स्फर' निवडा, पडदा विझणार नाही असं करा आणि अख्खी लायब्ररी एकदम न ओढता अल्बमामागून अल्बम पाठवा. विंडोजची 'एन' आवृत्ती असेल तर तिच्यात मीडिया फीचर पॅक वेगळा टाकल्याशिवाय एमटीपी चालत नाही. मॅकमध्ये एमटीपीची सोयच नाही, वेगळं ॲप लागतं. आणि फाइली गेल्यात पण गाण्यांच्या यादीत दिसत नाहीत, असं असेल तर दोष केबलचा नाही. प्लेअरला लायब्ररी पुन्हा स्कॅन करायला सांगा. तरी नाही दिसली तर त्या फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाइल आहे का बघा. ती असलेला फोल्डर अँड्रॉइड मुद्दाम वगळतो.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमटीपी आणि मास स्टोरेज असा पर्याय असेल तर मात्र मास स्टोरेज निवडा. माझी निम्मी तक्रार तिथेच मिटते. फक्त 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल काढायची नाही.

तिसरी वाट कार्डाची. कार्ड रीडरमध्ये घातलं की ते साधी ड्राइव्ह होतं, आणि ड्राइव्ह झालं की फोल्डर जुळवणारी सगळी हत्यारं हाताशी येतात. विंडोजमध्ये रोबोकॉपी आधीपासून असते, लिनक्स आणि मॅकवर आरसिंक, आणि कमांडचा कंटाळा असेल तर फ्रीफाइलसिंक. हे नवं काय, बदललेलं काय आणि अर्धवट काय ते आकार आणि वेळ ताडून ठरवतं आणि तेवढंच पाठवतं. मधेच वीज गेली तरी पुन्हा चालवलं की राहिलेलं भरून निघतं आणि शेवटी हिशेब दिसतो. वेगाचे आकडे मांडून बसलो नाही, पण केबलपेक्षा काम चटकन उरकतं असा माझा तरी अनुभव आहे. आणि एक मेख. एफएटी३२ या कार्डावर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच नोंदली जाते. त्यामुळे नुसतं ताडून पाहिलं तर कॉम्प्युटरवरच्या आणि कार्डावरच्या वेळा जुळत नाहीत आणि पुष्कळ गाणी दर वेळी नव्याने जात राहतात. रोबोकॉपीला 'एफएफटी' हा पर्याय द्यावा, आरसिंकला 'मॉडिफाय विंडो' एक सेकंदाचा. फ्रीफाइलसिंक दोन सेकंदांची सूट स्वतःच देतं.

मिररिंग करताना, म्हणजे एक फोल्डर दुसऱ्यासारखा हुबेहूब करताना, दिशा दोनदा तपासा, कारण मूळ ठिकाणी नसलेलं दुसरीकडून पुसलं जातं. प्लेअरवर बनवलेल्या प्लेलिस्ट कार्डावर असतील तर तो फोल्डर वगळून ठेवा.

कार्डाची स्वतःची कटकट नाही असं नाही. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं एक्सएफएटी या नव्या पद्धतीत येतात आणि बऱ्याच जुन्या प्लेअरना एफएटी३२ शिवाय दुसरं काही कळत नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ करून द्यायची नाही, त्यासाठी वेगळं साधन लागायचं. गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन असेल तर मॅक-लिनक्सवरून येताना ती फाइल अडू शकते. मॅक शिवाय प्रत्येक गाण्यामागे 'डॉट-अंडरस्कोर'ने सुरू होणारी छोटी फाइल सोडतो. मग प्लेअरमध्ये गाणी दुप्पट दिसतात आणि त्यातली निम्मी वाजत नाहीत. 'डॉट क्लीन' ही कमांड तो कचरा झाडते. साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कार्डावर नोंदली गेली त्या क्रमाने वाजवतात. त्यावर फॅटसॉर्ट हा उपाय आहे, आणि तो ड्राइव्ह म्हणून दिसणाऱ्या मेमरीवरच चालतो, एमटीपीवर नाही. नवं कार्ड घेतलं की एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री चालवून ते लिहिल्याइतकं खरंच भरतं का हे बघाच. खोट्या क्षमतेच्या कार्डावर गाणी गेल्यासारखी दिसतात आणि वाजताना फाटतात, आणि आपण उगाच केबलला नाहीतर प्लेअरला दोष देत बसतो.

आणि हो, ते चिमुकलं कार्ड नखाने दाबून काढायचं, घालायचं. काहींना तेवढंच नको असतं. समजू शकतो.

टॅगचा, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीचा, घोळ कुठल्याही वाटेने गेलात तरी सुटत नाही, म्हणून वेगळा सांगतो. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टॅग चुकीच्या पद्धतीने लिहिलेत. टॅग लिहायच्या आयडी३ पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत ३० अक्षरं, तीही रोमन वळणाचीच मावतात. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये आयडी३ ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडून पुन्हा सेव्ह केलं की बहुतेक प्लेअर वठणीवर येतात. २.४ सगळ्या जुन्या प्लेअरना वाचता येत नाही. प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले तर प्लेअरकडे देवनागरी फॉन्टच नाही. जोडाक्षरं फुटलेली दिसली तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवता येत नाहीत, आणि त्यावर आपल्या हातात काही नाही.

तर आयपॉड असेल किंवा ताऱ्यांवाचून चालत नसेल तर सिंक. कार्डाची खाचच नसेल तर केबल, जमलं तर मास स्टोरेजवर. खाच असेल तर निदान एकदा रीडरने भरून बघा, मग ठरवा. म्युझिकबीसारखं सॉफ्टवेअर कार्डाच्या ड्राइव्हवरही सिंक करतं, त्यामुळे प्लेलिस्टसाठी कार्ड सोडावं लागतंच असं नाही. आणि प्लेअर अजून घ्यायचाच असेल तर खाच असलेला घ्या, आणि जमल्यास दुसरं कार्डही घेऊन ठेवा. मोठं कार्ड घातल्यावर लायब्ररीचं स्कॅन सावकाश चालतं, तेव्हा अदलाबदल झोपण्याआधी करावी.