कपूर, दलाल की मनोहर? पहिलं पुस्तक घेण्याआधी

"मावशी, स्वयंपाकाचं एकच पुस्तक घेणार आहे. संजीव कपूर, तरला दलाल की विष्णू मनोहर?"

भाचीचा हा फोन गेल्या महिन्यात आला. ती पुण्यात नोकरीला लागली आहे. ती आणि तिची मैत्रीण, दोन बर्नरची शेगडी, छोटा मिक्सर, तीन लिटरचा कुकर, एवढा त्यांचा संसार. मैत्रीण अंडंही खात नाही, भाचीला रविवारी मटण लागतं. फोनवर दोन मिनिटांत एक नाव सांगता आलं असतं, पण तिघांची पुस्तकं आमच्या घरात वर्षानुवर्षं हाताळली गेली आहेत आणि आई, आत्या, वहिनी अशा प्रत्येकीचं त्यांवर ठाम मत आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर कुणी अशाच विचारात असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी आईच्या वहीबद्दल सांगते. १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला, तेव्हा आई वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसायची. साहित्याची यादी पडद्यावर यायची आणि लिहून होईपर्यंत निघून जायची. वहीतल्या एका पानावर लिहिलंय: 'टोमॅटो ४ मोठे, काजू मूठभर, पाणी'. पाण्यापुढची जागा कोरी आहे. तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं असणार. मात्र त्याच पानाच्या समासात बारीक अक्षरात आहे: 'तेल कडेने सुटलं की रंग विटकरी, तोवर थांबायचं.' आईला त्या दिवशी 'किती' मिळालं नाही, 'कसं' मात्र पक्कं मिळालं. टीव्ही हेच उत्तम शिकवतो. फोडणी कितपत तडतडू द्यायची, कणकेला किती लवचीकपणा हवा, मसाला परतून झाल्यावर कसा दिसतो, हे बघूनच कळतं. पुस्तकाने निदान ती कोरी जागा भरायला हवी. चांगलं पुस्तक त्यापुढे जाऊन समासातली ओळही छापतं. तिघांकडे मी याच नजरेने बघते.

संजीव कपूर मूळचे अंबाल्याचे, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले आणि टीव्हीवर आले तेव्हा मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात शेफ होते. पुस्तक वापरायच्या आधी हे लक्षात घ्यावं, कारण त्यांच्या पदार्थांची घडण हॉटेलच्या स्वयंपाकघरातली आहे. तिथे कांद्याची पेस्ट, काजूची पेस्ट, आलं-लसूण, टोमॅटोची प्युरी सकाळीच तयार असते. पडद्यावर ते सगळं काचेच्या छोट्या वाट्यांत मांडलेलं दिसतं आणि भाजी वीस मिनिटांत होते. घरी त्याच भाजीसाठी मिक्सर चारदा लावावा लागतो आणि चारदा धुवावा लागतो. बघणाऱ्या बायकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते आणि ती रास्त आहे. वहिनी म्हणते, "त्यांची भाजी करायची तर आदल्या रात्रीपासून करावी लागते."

तरीही ज्यांना स्वयंपाक येतो पण पाहुणे आले की तीच ती बटाट्याची भाजी होते, त्यांच्यासाठी या तिघांत मी कपूर यांनाच पुढे ठेवीन. त्यांचा 'शाम सवेरा' मी पहिल्यांदा केला तो प्रसंग सांगते. पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग पिळून वाटायचा. जिरं-लसणावर परतून थोडं पीठ लावून त्याचा गोळा करायचा. पनीर कुस्करून त्यात वेलची घालायची, छोट्या गोळ्या करायच्या, त्या पालकाच्या आवरणात बंद करून तळायच्या. मधोमध कापलं की बाहेर गर्द हिरवं, आत पांढरंशुभ्र आणि खाली केशरी टोमॅटोची ग्रेव्ही. माझे पहिले चार कोफ्ते कढईत फुटले, कारण पालक मी नीट पिळलाच नव्हता. उरलेला गोळा पुन्हा कढईत घालून पाणी आटेपर्यंत परतला, तो पळीला चिकटेनासा झाला आणि पुढचा एकही कोफ्ता फुटला नाही. त्या एका पदार्थातून मी पाण्याचं गणित शिकले. कोथिंबीर वडी असो की दुधीचे कोफ्ते, ते तेव्हापासून कामी येतंय. अवघड पदार्थ हात घडवतो, म्हणून त्यांच्या पुस्तकाला माझ्याकडे मान आहे. ज्यांना इंग्रजी चालतं आणि सगळा भारत एकाच खंडात हवा आहे, त्यांच्यासाठी २०११ साली अमेरिकेत निघालेलं त्यांचं 'हाउ टू कुक इंडियन' आहे. त्यात पाचशेहून जास्त पाककृती आहेत. पुस्तक जाडजूड आहे आणि ओट्यावर जागा अडवतं.

'नमक स्वादानुसार' हे शब्द त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेत. अनुभवी बाईला ते पुरतं. पण भाचीसारखीला स्वाद म्हणजे किती, हाच तर प्रश्न असतो. वाटीभर तुरीच्या डाळीच्या वरणाला आमच्याकडे सपाट चहाचा चमचा मीठ लागतं. मी तिला पाऊण चमच्यापासून सुरुवात कर म्हणून सांगितलं. असा एक आकडा हाताशी असला की पुढचं जमत जातं.

तरला दलाल यांची वाट अगदी वेगळी आहे. जन्म १९३६चा, पुण्याचा. लग्न होऊन मुंबईला गेल्या, १९६६पासून घरी स्वयंपाकाचे वर्ग घेतले, १९७४मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि टीव्ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे त्या आधी शिक्षिका होत्या. समोर बसलेली मुलगी कुठे अडते, काय विचारायला लाजते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि ते पुस्तकात उतरलं आहे. वेळ किती, किती जणांना पुरेल, कप आणि चमच्याचं माप, छोटी-छोटी क्रमवार वाक्यं. एका वाक्यात एक काम. हाताला पीठ लागलेलं असताना, पुस्तक तेलाच्या बाटलीला टेकवून वाचायचं असतं तेव्हा या आखणीची किंमत कळते. त्यांची शंभरावर पुस्तकं निघाली, बरीचशी पातळ आणि एकेका विषयाची. २०१३मध्ये त्या गेल्या. २०२३मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि टीव्हीवर त्यांना कधीच न पाहिलेल्या मुलीही त्यांचं नाव घेऊ लागल्या.

दलाल यांच्या पुस्तकांबद्दल आमच्या घरात दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे चव. भाजी-आमटी थोडी गोडाकडे झुकते, असं आई म्हणते. ती साखर निम्मी करते, गोडा मसाला चिमूटभर घालते आणि पुढे जाते. दुसरी तक्रार परदेशी पदार्थांची. मेक्सिकन असो की इटालियन, शेवटी ते आपल्या जिभेला वळवून घेतलेलं असतं. मला स्वतःला हा दोष वाटत नाही. ज्या काळात आमच्या गावात चीज मिळायचं ते फक्त डब्यातलं, त्या काळात व्हाइट सॉस गुठळ्या न होता कसा करायचा हे आईला दलाल यांच्याच पुस्तकाने शिकवलं. शाकाहारी घरातल्या मुलांना बाहेरच्या जगाची चव त्यांनी आईच्या हातून दिली. हे काम फार मोठं आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक झालंय असं मला वाटत नाही. अडचण खरी एकच, मांस-मासळीसाठी दुसरं पुस्तक घ्यावंच लागतं.

विष्णू मनोहर नागपूरचे. ईटीव्ही मराठीवरच्या 'मेजवानी परिपूर्ण किचन'मुळे ते घराघरांत पोचले आणि २०१७मध्ये नागपुरात सलग ५३ तास स्वयंपाक करत उभे राहिले तेव्हा देशभर बातमी झाली. मराठी प्रेक्षकाला त्यांचा जिव्हाळा वाटतो तो भाषेमुळे. झारा, पळी, फोडणी, रवाळ, मुरवणं हे शब्द त्यांच्याकडे जसेच्या तसे येतात. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकात 'मंद आचेवर शिजवा' एवढंच असतं, मराठीत 'वाफेवर ठेवा', 'मुरू द्या', 'रटरटू द्या' ही तीन वेगळी कामं आहेत.

दुसरं म्हणजे विदर्भ. माझी आत्या चिपळूणची. पाटवडीचा रस्सा तिने आयुष्यात चाखला नव्हता, तो तिने पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला. वडाभात तर आता तिच्या घरचा झालाय. भिजवलेल्या मिश्र डाळी भरड वाटून त्यांचे वडे तळायचे, ते वाफाळत्या भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग, लाल मिरचीची तेलाची फोडणी सढळ हाताने ओतायची. नारळाशिवाय पान न हलणाऱ्या घरात हा भात रुजला, यातच सगळं आलं. पण नवख्या माणसाने नागपूरच्या झणझणीत सावजी रश्श्यापासून सुरुवात करू नये. तो पदार्थच हाताच्या अंदाजाचा आहे. मिरची कुठली, मसाला किती काळा भाजलाय, तेल किती सोसतं, यावर सगळं अवलंबून असतं आणि त्याचं माप कागदावर पूर्ण उतरत नाही. असं पुस्तक घेणाऱ्याचा हात आधी थोडा बसलेला असावा.

मापांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण निवड बहुतेक वेळा इथेच चुकते. काही वर्षांपूर्वी एका टीव्ही कार्यक्रमाचं चकचकीत पुस्तक घेतलं होतं. कार्यक्रम लोकप्रिय, फोटो सुंदर. केकच्या पाककृतीत 'दोन कप मैदा' होता, पण कप म्हणजे किती, हे सगळं पुस्तक उलटून पाहिलं तरी सापडलं नाही. मी मैदा चहाच्या कपाने मोजला आणि दूध मापाच्या कपाने. केक मधोमध खचला, कडा खरपूस आणि पोट कच्चं. मापाचा कप साधारण २४० ते २५० मिलिलिटरचा असतो, आमचा चहाचा कप जेमतेम १५० चा. मोठा चमचा १५ मिलिलिटर, लहान ५. ही चार ओळींची माहिती पहिल्या काही पानांत नसेल तर ते पुस्तक मी परत फळीवर ठेवते, शेफ कितीही आवडता असो.

या बाबतीत कमलाबाई ओगले यांचं १९७०चं 'रुचिरा' आजही मोजपट्टी आहे. कमलाबाई टीव्हीमुळे मोठ्या झाल्या नाहीत, पण त्यांच्या वाटी-चमच्याच्या मापांवर लाखाहून जास्त प्रती खपल्या. वाटीचं माप चालतं कारण ते प्रमाण असतं. रवा एक, पाणी अडीच, साखर पाऊण, मग वाटी लहान घ्या की मोठी, शिरा बिघडत नाही, फक्त वाटी मधेच बदलायची नाही. केक-बिस्किटांना मात्र अंडं, बेकिंग पावडर असं मोजून येतं, तिथे वाटी दगा देते. रोजच्या वरण-भाजी-कोशिंबिरीसाठी तिघा टीव्हीवाल्यांपैकी कुणापेक्षाही मी आधी 'रुचिरा' देईन.

परदेशात राहणाऱ्यांसाठी मधुर जाफरी यांचं नाव घ्यायला हवं. १९८२मध्ये बीबीसीवर त्यांनी इंग्रजांना भारतीय जेवण शिकवलं. लीड्स किंवा मँचेस्टरच्या स्वयंपाकघरात, तिथल्या दुकानात काय मिळतं ते धरून त्या सांगतात. पण मराठी चव शोधणाऱ्याला तिथे थोडंच सापडेल.

दुकानात गेलात तर मुखपृष्ठावरचा हसरा चेहरा बाजूला ठेवून तीन पानं उघडा. पहिलं मापांचं. दुसरं, तुम्हाला आधीच चांगला येतो अशा पदार्थाचं. त्यात तुमच्या हाताला माहीत असलेली खूण लिहिली आहे का ते बघा. उपम्याच्या कृतीत रवा 'पाच मिनिटं भाजा' इतकंच असेल तर कमी, 'हलका होऊन खमंग वास येईपर्यंत' असेल तर उत्तम. तिसरं पान कुठल्याही ग्रेव्हीच्या भाजीचं. साहित्य मोजा आणि त्यातलं किती तुमच्या डब्यांत आज आहे ते मोजा. निम्म्याहून कमी असेल तर ते पुस्तक सणासुदीचं आहे, रोजचं नाही. आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून हात काढून घ्या. आपोआप मिटणारं पुस्तक ओट्यावर फार छळतं.

भाचीला मी 'रुचिरा' पाठवलं, सोबत मैत्रिणीसाठी दलाल यांचं एक पातळ पुस्तक. कपूर यांचं माझं जुनं पुस्तक दिवाळीला येईल तेव्हा नेणार आहे, शाम सवेराच्या पानावर पालकाचे डाग आहेत तेच. मटणाचं विचारलं तर म्हटलं, पहिले सहा महिने रविवारी व्हिडिओ कॉल लाव आणि कुकरजवळ फोन उभा कर, मसाल्याचा रंग मला दिसायला हवा. गेल्या रविवारी तिने लावला. तेल सुटायला अजून पाच मिनिटं होती.