प्रोसेस एक्स्प्लोरर: दिवाळीपासूनच्या वापराचा अनुभव

मार्क रुसिनोविच या प्रोग्रॅमरचं प्रोसेस एक्स्प्लोरर, म्हणजे विंडोजमध्ये चालू असलेली प्रत्येक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) तपशिलानं दाखवणारं साधन, मी दिवाळीपासून आमच्या डीटीपीच्या दुकानातल्या सगळ्या मशीनवर वापरतेय. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. २००६ साली मायक्रोसॉफ्टनं हे साधन जिथं मिळायचं ते सिसइंटर्नल्स विकत घेतलं, तेव्हापासून ते त्यांच्याच साइटवर मिळतं. दुसरीकडून घेऊ नका. मशीन विनाकारण तापत असेल तर आधी हे उघडावं, असं माझं आता ठाम मत आहे.

एका मशीनचा पंखा जेवणाच्या सुट्टीत, कुणी हात लावत नसताना, जोरात फिरायचा. टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू तीन-चार टक्क्यांवर. बंद केला की थोड्या वेळानं पंखा पुन्हा सुरू. दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टो मायनिंग करणाऱ्या (आकडेमोड करून आभासी चलन कमावणाऱ्या) मालवेअरची ही नेहमीची चाल: टास्क मॅनेजर दिसला की काम थांबवायचं. काही मायनर प्रोसेस एक्स्प्लोररलाही ओळखतात, म्हणून मी फाइलचं नाव बदलून ते चालवलं, ट्रेमध्ये (घड्याळाजवळच्या आयकॉनांत) ठेवलं आणि जेवायला गेले. आल्यावर कंट्रोल-आय दाबून सीपीयूचा आलेख बघितला. आलेखातल्या उंचवट्यावर माउस नेला की त्या वेळी सर्वांत जास्त सीपीयू कोण खात होतं ते दिसतं. नाव निघालं एसव्हीसीहोस्ट (svchost), म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा चालवणारी प्रोसेस.

नाव विंडोजचंच असल्यामुळे बरेच जण इथं थांबतात. खऱ्या एसव्हीसीहोस्टची फाइल सिस्टिम३२ मध्ये असते, त्याला सर्व्हिसेस नावाची प्रोसेस सुरू करते, आणि सीपीयू कितीही असो, या दोन गोष्टी बदलत नाहीत. आमच्याकडचा एसव्हीसीहोस्ट प्रोसेसच्या झाडात (कुणी कुणाला सुरू केलं ते दाखवणाऱ्या यादीत) सुटा होता, त्याला जन्म देणारी प्रोसेस केव्हाच बंद झालेली. फाइल युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, तिच्यावर कुठल्याच कंपनीची डिजिटल सही नाही, आणि कमांड लाइनमध्ये (सुरू करताना दिलेल्या आज्ञेत) मायनिंग पूलचा (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या सर्व्हरचा) पत्ता. त्याच ओळीत सीपीयूचे निम्मेच थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरायची सूचनाही होती, म्हणजे मशीन पूर्ण अडकणार नाही आणि कुणाला संशय येणार नाही. टक्केवारी बघून मला हे कधीच कळलं नसतं. प्रोसेस कुठून आली, कुणी सुरू केली, काय सांगून सुरू केली, हे तिन्ही एका जागी दिसतं, यासाठी मी या साधनाला पूर्ण गुण देते.

हा मायनर मोनेरो या क्रिप्टो चलनाचा होता. मोनेरो २०१९ च्या नोव्हेंबरपासून मायनिंगसाठी रँडमएक्स नावाचा अल्गोरिदम वापरतं, आणि तो मुद्दाम साध्या सीपीयूवर चांगला चालेल असा बनवलाय. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेलं दुकानातलं मशीनही चोराच्या उपयोगाचं. पूर्ण वेगानं चालायला त्याला २ जीबीहून जास्त मेमरी लागते. लग्नपत्रिकेची साधी फाइल उघडताना मशीन का अडखळत होतं, तेही यावरून उलगडलं.

अशी प्रोसेस लगेच किल (बंद) करू नका. तिच्यावर पहारा ठेवणारी दुसरी प्रोसेस बहुधा असते, ती हिला पुन्हा उठवते. दोघींना आधी सस्पेंड करा (थांबवून ठेवा), मग एकेक मारा. त्यानंतर सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स (मशीनबरोबर आपोआप काय सुरू होतं ते दाखवणारं साधन) उघडून शेड्यूल्ड टास्क तपासा. आमच्याकडे अपडेटचं नाव घेतलेला एक टास्क तिथं बसला होता. विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या अपवादांची यादीही बघाच. मायनरनं स्वतःचं फोल्डर त्यात घालून ठेवलं होतं, म्हणून स्कॅन स्वच्छ येत होता.

मर्यादाही आहेत. अक्षरं बारीक आहेत, रंगांचे अर्थ लक्षात राहायला वेळ लागतो. अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून घेणाऱ्या व्हायरसटोटलची जोडणी २०१४ पासून आहे आणि ती फार कामाची, पण एकाही अँटिव्हायरसनं शेरा मारला नाही म्हणून फाइल निर्धोक ठरत नाही. अनोळखी फाइल आपोआप पाठवण्याचा पर्याय बंदच ठेवा, नाहीतर फाइलचा फक्त हॅश (आकड्यांतली ओळखखूण) न जाता ती अख्खी बाहेर जाते. मालवेअर कधी नोटपॅडसारख्या खऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात शिरतं, तेव्हा सही बरोबरच दिसते. अशा वेळी प्रॉपर्टीजमधला टीसीपी-आयपी टॅब (नेटवरच्या जोडण्यांचा) बघायचा. नोटपॅडला परक्या सर्व्हरशी सतत जोडलेलं राहायचं काही कारण नाही. ड्रायव्हरच्या पातळीवर लपलेलं काही असेल तर हे साधन फसू शकतं, तिथं डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅनच करावा.

खोट्या शंकाही यानंच मिटल्या. ८ लॉजिकल कोअरच्या मशीनवर प्रोसेसच्या सीपीयूचा आकडा १२.५ टक्क्यांच्या आसपास अडकला तर एक थ्रेड पूर्ण गुंतलाय असं समजायचं. इंटरप्ट्सची (हार्डवेअरनं सीपीयूला मारलेल्या हाकांची) ओळ वर चढली तर रोख ड्रायव्हर किंवा हार्डवेअरकडे.

त्या मशीनवर शेवटी विंडोज नव्यानं टाकलं आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. मायनरला ॲडमिनचे अधिकार मिळाले होते, आणि त्याच मशीनवर लोकांचे सातबारा, आधारचे स्कॅन असतात. लोक ते विश्वासानं आमच्या हातात देतात, त्यामुळे फक्त फाइल पुसून गप्प बसणं मला पटलं नाही. आता प्रत्येक मशीन सुरू झालं की प्रोसेस एक्स्प्लोरर ट्रेमध्ये चालू असतो.