जुन्या स्टर्नड्राइव्हचा गिअर पडत नाही: केबल बदलावी, गिअरकेस उघडावी की सरळ आउटबोर्ड लावावी?

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर आमची बोट चालते. मर्क्रूझर अल्फा वन स्टर्नड्राइव्हची, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा गिअरचा भाग (ड्राइव्ह) मागे बाहेर. वापरलेली घेतलेली. एका मे महिन्यात तिचा गिअर अडायला लागला. बोटीवर असणारा अमळनेरचा पोरगा म्हणाला, "दादा, लिव्हर पुढे जास, पन बोट जास नही." किनारपट्टीवरच्या एका वर्कशॉपने फोनवरच निकाल दिला, गिअरकेस (ड्राइव्हमधला गिअरचा डबा) गेली. आम्ही विश्वास ठेवून ती उघडायला लावली, मजुरी भरली. आत सगळं शाबूत होतं. दोष केबलचा निघाला. म्हणून केबल, गिअरकेस की आउटबोर्ड (मागे बाहेर टांगायची, इंजिनसकटची मोटर), या तीन पर्यायांपैकी एक निवडण्याआधी जडपणा नेमका कुठे आहे ते शोधा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

बोट ट्रॉलीवर घ्या, इंजिन बंद, चावी खिशात. इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटवर (गिअरच्या केबल जोडायच्या पट्टीवर) दोन केबल येतात: एक लिव्हरकडून, दुसरी खाली ड्राइव्हकडे जाणारी. दोन्हींची टोकं सोडवा. आता लिव्हर मागेपुढे करा. जड वाटला तर वरची केबल किंवा कंट्रोल बॉक्स. तो हलका असेल तर खालची केबल हाताने ओढा-ढकला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने पंखा हाताने फिरवत राहायला हवं. पंखा न फिरवता जोर लावला तर गिअर जोडणाऱ्या दातेरी डॉग क्लचचे दात समोरासमोर अडतात आणि चांगली केबलही जड भासते. तरीही जड लागली, तर ड्राइव्ह फॉरवर्ड गिअरमध्ये ठेवून काढा आणि केबल पुन्हा एकटी हलवून बघा. अजूनही जड असेल तर केबल गेली. मोकळी झाली असेल तर दुखणं ड्राइव्हच्या आत आहे.

आमची जुनी केबल कापून बघितली तेव्हा आतली तार तपकिरी गंजाने बरबटली होती, बोटांना लागत होती. कारण आपल्याकडचंच आहे. उन्हाळ्यात हतनूर धरणाचं पाणी उतरलं की बोट महिना-महिना ट्रॉलीवर उभी राहते, भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, ड्राइव्ह आणि बोटीच्या मधले, पाणी अडवणारे रबराचे घडीदार बेलोज तडकतात. पाऊस पडून बोट पाण्यात गेली की त्या चिरेतून पाणी केबलपर्यंत पोहोचतं. शिफ्ट केबलचा बेलोज फाटला तर पाणी थेट बोटीतही येऊ शकतं, म्हणून केबल बदलताना सगळे बेलोज त्याच वेळी बदला. ड्राइव्ह दुसऱ्यांदा काढायची मजुरी वाचते.

केबल खराब असल्याची एक खूण मला फार भरवशाची वाटते: न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडणं. गिअर सुटताना केबलवर ताण आला की अल्फामध्ये एक छोटा स्विच इग्निशन क्षणभर तोडतो, त्यामुळे क्लचवरचा भार हलका होऊन गिअर सुटतो. केबल जड झाली की तो स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन मरतं. या स्विचची वायर तोडून टाकण्याचा सल्ला काहीजण देतात. कृपया तसं करू नका, दात झिजतात. मर्क्रूझरच्याच ब्राव्हो किंवा व्होल्वो पेंटाच्या जुन्या ड्राइव्हमध्ये वरच्या कप्प्यात कोन क्लच (दातांऐवजी शंकूच्या आकाराचा) असतो, तिथे हा स्विच नसतो. तिथे कोनची झीज आणि चुकीचं तेल यांचा आधी संशय घ्या.

गिअरकेस उघडायची ती वेगळ्या लक्षणांवर. गिअर पडतो, पण थ्रॉटल दिला की धाडकन निसटतो, तर डॉग क्लचचे दात गोलावलेत. खालून तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर चिंता नाही, पण चमकणारे तुकडे बोटाला टोचले किंवा तेल दुधाळ दिसलं तर उघडावीच लागेल. हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. ते उघडल्यावर प्रवाहात गिअर निसटणारी बोट मी एक दिवसही चालवणार नाही.

आणखी एक गोष्ट इथे नेहमी फसवते. इंजिन पळतं, बोट जागची हलत नाही, सगळ्यांना वाटतं गिअर घसरतोय. संगमावर गाळ बेसुमार आहे, पंखा त्यात आदळला की त्याच्या आतलं रबरी बूश सुटतं. बूशवर आणि पंख्यावर सलग रंगाची रेघ ओढा, एक फेरी मारा. रेघ सरकली तर फक्त पंखा बघा.

आउटबोर्डचा विचार तेव्हाच, जेव्हा इंजिन, ड्राइव्ह दोन्ही संपलेत आणि सुटे भाग मिळत नाहीत. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ट्रान्समचं (बोटीच्या मागच्या भिंतीचं) भोक पक्कं बुजवावं लागतं, लाकूड सडलेलं नाही ना ते ठोकून बघावं लागतं, वजन मागे सरकल्याने बोट नाक वर करते. पर्यटक नेत असाल तर 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणी आणि तपासणीही बघावी लागेल. फायदा मात्र खरा आहे: गाळात मोटर वर उचलता येते आणि बेलोजची कटकट कायमची जाते.

आमचा निर्णय केबल आणि बेलोजचा होता. ड्राइव्हचा सीरियल नंबर देऊन भाग मागवले, केबल बसवली, इंजिनचा आयडल (थ्रॉटल न देता फिरण्याचा वेग) मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या आत आणला. आता पोरगा लिव्हर रेंगाळत न ठेवता एका झटक्यात टाकतो, आणि गिअर एका ठोक्यात बसतो.