रोबोटच्या आधाराने चालणं: एमएस असलेल्या पायांना काय मिळालं

मला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह एमएस आहे. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार; माझा आता हळूहळू वाढत जाण्याच्या टप्प्यात आहे. ईडीएसएस, म्हणजे या आजारातलं अपंगत्व मोजायच्या शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर, मी ६.५ वर आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार घेऊन, न थांबता जेमतेम वीस मीटर. गेल्या पावसाळ्यापासून पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात मी रोबोटिक गेट ट्रेनिंग (यंत्राच्या मदतीने चालण्याचा सराव) घेते आहे. आधी आठवड्यातून तीनदा जात होते, आता एकदाच जाते. थेरपी महाग आहे आणि जाहिरातीत चमत्काराची भाषा असते, म्हणून माझं मत आधीच सांगते. ज्यांना पडण्याच्या भीतीने किंवा थकव्यामुळे जमिनीवर पुरेसा सरावच करता येत नाही, त्यांनी हे जरूर करून बघावं. जे काठी घेऊन सोसायटीत एक फेरी मारू शकतात, त्यांनी तेच पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टवर घालावेत.

या प्रकारातलं सर्वांत परिचित यंत्र म्हणजे स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं लोकोमॅट. आमच्या केंद्रातलं यंत्रही त्याच पद्धतीचं आहे. खाली ट्रेडमिल, वरून लटकणारा हार्नेस आणि दोन्ही पायांना बाहेरून बांधलेला सांगाडा. सांगाड्याच्या मोटारी खुबा आणि गुडघा हलवतात. घोट्याला मात्र मोटार नसते, पाऊल नुसत्या पट्ट्यांनी उचलून धरलेलं असतं. फूट ड्रॉप (चालताना चवडा वर न उचलला जाणं) असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. यंत्रावर चवडा घासत नाही, पण खाली उतरल्यावर तो पूर्वीसारखाच घासतो. माझा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) अजून सुटलेला नाही.

मांडी-पोटरीची मापं, पट्टे, हार्नेस या तयारीत बराच वेळ जातो. बाथरूमला आधीच जाऊन यायचं, कारण एमएसमध्ये घाई झाली की थांबवत नाही आणि पट्टे पटकन सुटत नाहीत. संवेदना कमी असतील तर सत्रानंतर मांडीचा आतला भाग आणि पोटऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. मला पोटरीवर पट्टा काचून जखम झाली होती आणि ती घरी गेल्यावर दिसली. तेव्हापासून खाली फोमचा जाड थर घालतात.

चालायला लागल्यावर मात्र फार बरं वाटलं. वॉकरवर माझी नजर सतत फरशीवर असते. इथे पाठ ताठ, नजर समोर आणि हात मोकळे. एका सत्रात जितकी पावलं पडतात तितकी मी घरी आठवडाभरातही टाकत नाही, आणि या थेरपीचं खरं बळ तिथेच आहे. वर्षानुवर्षं पाय ओढत चाललेल्या शरीराला नीट पाऊल टाकण्याची इतकी आवर्तनं दुसरीकडे सहजासहजी मिळत नाहीत.

पण आवर्तनं आपोआप कामाला येत नाहीत. यंत्रावर तीन गोष्टी ठरवता येतात: वजनाचा किती भार हार्नेसने उचलायचा, वेग किती ठेवायचा आणि पायाला मोटारीची मदत किती द्यायची. मदत पूर्ण असली की पाय हलतात, पण तुम्हाला करण्यासारखं फारसं उरत नाही. आमची थेरपिस्ट पडद्यावरचा आलेख बघून म्हणायची, “काकू, आता तुम्ही नुसत्या लटकलाय. उजवी मांडी तुम्ही उचला.” हळूहळू तिने भाराचा आधार निम्म्यावरून बराच खाली आणला, मोटारीची मदतही कमी केली. ते आठवडे सर्वांत कष्टाचे गेले आणि फरक तेव्हाच पडला. आधी एका केंद्रात पट्टे बांधून, बटण दाबून माणूस निघून जायचा. तिथे मला काहीच लाभ झाला नाही. थेरपिस्ट शेजारी उभी राहणार नसेल, तर यंत्र कितीही महागाचं असो, पैसे वाया जातात.

आता आकडे. पंचवीस फूट चालायला मला आधी २१ सेकंद लागायचे, तीन महिन्यांनी १६ लागले. या चाचणीत साधारण वीस टक्के फरक पडला तर तो अर्थपूर्ण धरतात. घरात त्याचा अर्थ असा, की पलंगापासून बाथरूमपर्यंत नवऱ्याला हाक मारावी लागत नाही आणि ओट्याला टेकून दोघांपुरत्या पोळ्या होतात. दिवाळीत खंड पडला तेव्हा वेळ पुन्हा १८ वर गेली. हा लाभ टिकवावा लागतो, एकदा मिळवून ठेवून देता येत नाही. आणि रोग यामुळे थांबत नाही. औषधं, न्यूरॉलॉजिस्टच्या भेटी, एमआरआय हे सगळं चालूच राहतं.

संशोधनही हुरळून जाऊ देत नाही. इटलीत फेरारा इथे प्रोग्रेसिव्ह एमएसच्या, ईडीएसएस ६ ते ७ असलेल्या ७२ रुग्णांवर ‘रॅगटाइम’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोबोट, दुसऱ्याला थेरपिस्टबरोबर जमिनीवर चालण्याचा कसून सराव. दोघांनाही बारा सत्रं. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, रोबोट सरस ठरला नाही. हे वाचून मी निराश झाले नाही, उलट मला धीर आला. नागपूर-सोलापूरकडच्या ज्या मैत्रिणींना असं यंत्र जवळ उपलब्ध नाही, त्यांच्या हातून काही निसटलेलं नाही. कसून आणि नियमित सराव करून घेणारं माणूस त्यांना मिळायला हवं.

उन्हाळ्यात जपा. मायलिन (नसांवरचं आवरण) झिजलेल्या नसांमधून अंग तापलं की संदेश नीट जात नाहीत. पाय लुळावतात, नजर धूसर होते. गार झाल्यावर हे ओसरतं, पण पहिल्यांदा घडलं तेव्हा मी खूप घाबरले होते. एसी नसलेल्या खोलीत हे सत्र घेऊच नका. सत्राच्या दिवशी दुसरं काम ठेवू नका, दुपार झोपेतच जाते. रिलॅप्स (आजार अचानक पुन्हा उसळणं) असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबा. स्टेरॉइड बरीच झाली असतील तर आधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करून घ्या, कारण हाडं फार ठिसूळ असतील तर हे यंत्र चालत नाही.

एका सत्राचा खर्च मला साध्या फिजिओथेरपीच्या तिपटीहून जास्त पडतो. ओपीडीचा खर्च माझ्या मेडिक्लेममध्ये बसत नाही, तुमचा तपासून बघा. म्हणूनच आता रोबोट आठवड्यातून एकदा आणि वाचलेल्या पैशांत दोन दिवस फिजिओथेरपिस्ट घरी येते, जिना आणि उंबरठा यांचा सराव करून घेते. ते यंत्रावर शिकता येत नाही. पुढची चाचणी मार्चमध्ये आहे. वेळ १६ च्या आसपास राहिली तर हेच चालू ठेवणार, नाहीतर रोबोट बंद करून घरचे दिवस वाढवणार.