मे महिन्यात नागपूर: दुपार काढायची कुठे?

लग्नाचा बस्ता, दवाखाना, नाहीतर कॉलेजची ॲडमिशन. गावाकडून नागपूरला जायचं काम उन्हाळ्यात निघतंच, आणि सुट्ट्या लागलेले पोट्टे मागे लागतात, 'आम्हाले बी नागपूर दाखवा.' काम अकरापर्यंत आटोपतं. परतीची एस.टी. संध्याकाळची. मधले पाच तास काढायचे अशा शहरात, जिथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पाहण्यासारखं काय, हा हिवाळ्यातला प्रश्न. नवतप्यात विचारायचं ते वेगळंच: गेटपासून छतापर्यंत किती चालावं लागतं, आणि आत गेल्यावर बुड टेकायला मिळतं का?

पोट्टे सोबत असतील तर मी डोळे मिटून रमण विज्ञान केंद्र सांगतो. गांधीसागर तलावाजवळ आहे, १९९२ पासून. (नोबेल मिळायच्या कितीतरी आधी, सरकारी हिशेबखात्यात असताना सी. व्ही. रामन काही काळ नागपुरात नोकरीला होते, म्हणून हे नाव.) आतल्या दालनांत बटणं दाबायची, दांडे फिरवायचे, 'हात लावू नको' असं कोणी म्हणत नाही. दोन-अडीच तास सहज जातात. खरी गोष्ट मात्र तारामंडळ. अंधार, मागे टेकायला खुर्ची आणि डोक्यावर आकाश. पहाटे चारला उठून बस पकडलेल्या बापाची तिथे हमखास डुलकी लागते. मराठी खेळ किती वाजता, ते तिकीट खिडकीवर आधीच विचारा आणि बाकीचा वेळ त्याभोवती बसवा. धोका एकच: बाहेरच्या उद्यानात डायनासोर उभे आहेत आणि पोट्ट्यांना ते लगेच पाहायचे असतात. एक वाजता नाही म्हणा. पाचनंतर दाखवा.

अजब बंगल्याची गोष्ट निराळी. आमच्या आजोबांच्या पिढीचं नागपूर म्हणजे हेच. १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, सिव्हिल लाइन्समध्ये. जुन्या बांधणीची, उंच छताची इमारत आहे. बाहेरची झळ आत येत नाही, पण मॉलसारखा गारवाही नाही. शिलालेख, नाणी, जुनी हत्यारं, आदिवासी जीवनाचं दालन. वाचत वाचत फिरणाऱ्याला दुपार अपुरी पडते. मुलं मात्र भुसा भरलेले प्राणी पाहून पंधरा मिनिटांत दाराशी उभी. त्यातही आमच्या उमरेडकडच्या पोट्ट्यांना वाघाचं काय कौतुक? तो शेताच्या धुऱ्यावर येऊन जातो म्हणून घरचे जागलीला जायला भितात. सोमवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

दीक्षाभूमी या यादीत टाकताना जीव कचरतो. १४ ऑक्टोबर १९५६ चं ते ठिकाण टाइमपासचं नाही. पण नागपूरला जाऊन तिथे न जाणंही आमच्याकडे होत नाही. तो भव्य स्तूप आतून पोकळ आहे, घुमटाखाली शांत बसता येतं. फक्त चप्पल बाहेर काढायची असते, आणि दुपारी बाराची फरशी अनवाणी पायांना काय करते ते सांगायला नको. सकाळी नऊ-दहालाच जाऊन या.

मॉलचं थोडक्यात. गारवा एक नंबर, संडास स्वच्छ. पण निवांत टेकायचं तर काहीतरी विकत घ्या, आणि सरकता जिना चढून-उतरून झाला की पोट्टे खाण्याच्या मजल्यावर अडून बसतात. बस्त्यातून उरलेले पैसे तिथेच संपतात.

त्यापेक्षा मेट्रो. सीताबर्डीहून खापरीपर्यंत जायचं, उतरून परतीचं तिकीट काढायचं, पुन्हा बर्डी. एसी, खिडकी, वरून दिसणारं शहर, आणि खर्च मॉलमधल्या एका आइस्क्रीमहून फार नाही. आमच्या पोट्ट्यांनी गावात येऊन सांगितलं ते मेट्रोचंच; तारे-बिरे नंतर.

माझा क्रम असा: सकाळी दीक्षाभूमी, जेवण उरकून रमण केंद्र, चारनंतर मेट्रो. मुलं नसतील तर रमणच्या जागी अजब बंगला. गुडघेदुखीची आजी सोबत असेल तर दोन्ही संग्रहालयं सोडा, फक्त तारामंडळाचा खेळ दाखवा आणि ऑटोचे पैसे वाचवू नका. मेट्रो झाली तरी प्रत्येक ठिकाणच्या दारापर्यंत नेत नाही, आणि तेवढ्या चालण्यातच ऊन लागतं.

डोक्याचा दुपट्टा आत शिरल्यावर पिशवीच्या तळाशी कोंबू नका. मेट्रोत आजीला थंडी वाजते, पांघरायला तोच लागतो.