काही महिने वर्डप्रेस वापरल्यावर: थीम, प्लगइन आणि मराठी मजकूर

कास पठारावरच्या रानफुलांची माहिती देणारी मराठी साइट मी साताऱ्यातून वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालवतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर बहर असतो, वाचकही तेव्हाच येतात. त्यामुळे नेमकी तेव्हा साइट बंद पडून चालत नाही.

थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, निवडताना इंग्रजी डेमोवर जाऊ नका. आपलंच एखादं लांब शीर्षक टाकून बघा. पुष्कळ थीममध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. ओळी जवळजवळ असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मी चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) करून लेटर-स्पेसिंग शून्य केलं, लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवली आणि 'मुक्ता' फॉन्ट लावला. हेच बदल मूळ थीमच्या फाइलमध्ये केले तर पुढच्या अपडेटला पुसले जातात.

मराठी शीर्षकावरून आपोआप बनणारी लिंकही तपासा. स्लगला, म्हणजे लिंकमधल्या शीर्षकाच्या भागाला, २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह, काना-मात्रेसकट, त्यातली ९ खातं. 'कास पठारावर सप्टेंबरमध्ये फुलणारी रानफुलं' या शीर्षकाची लिंक 'सप्टेंबरमध्य'पाशीच तुटते. मी आता 'कास-रानफुलं' एवढाच स्लग हाताने देतो.

आता प्लगइन, म्हणजे साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम. ऐन हंगामात फोटो गॅलरीचं एक प्लगइन अपडेट झालं आणि साइटवर फक्त 'क्रिटिकल एरर'चा संदेश उरला. वर्डप्रेसच्या २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी ॲडमिनच्या मेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते. तिच्यावरून आत शिरून बिघडलेलं प्लगइन बंद करता येतं. मेल आलाच नाही तर होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या) फाइल मॅनेजरमधून 'प्लगइन्स' फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन्स बंद पडतात, त्यांची सेटिंग्ज मात्र डेटाबेसमध्ये शाबूत राहतात.

खरा वेळ खातात ते छुपे बिघाड: साइट चालू, पण मेनू उघडत नाही, फॉर्म जात नाही. आधी कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा. तरी अडलं तर 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे मोफत प्लगइन घ्या. माझ्या मते प्रत्येक साइटवर ते असावंच. त्याचा ट्रबलशूटिंग मोड फक्त तुमच्यापुरती सगळी प्लगइन्स बंद करतो आणि मूळची साधी थीम लावतो. वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसत राहते. मग एकेक प्लगइन चालू करत जायचं. ज्याच्यापाशी बिघाड परत दिसेल, ते दोषी. भर गर्दीच्या दिवशीही हे निर्धास्त करता येतं, ही फार मोठी सोय आहे.

लेख अचानक ४०४ ('पान सापडलं नाही') दाखवू लागले तर पर्मालिंक (लेखांच्या लिंकची रचना) सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

ते गॅलरी प्लगइन मी काढून टाकलं. वर्डप्रेसच्या ६.४ आवृत्तीपासून इमेज ब्लॉकमध्येच (लेखात फोटो टाकायच्या त्याच्या स्वतःच्या घटकात) क्लिक केल्यावर फोटो मोठा होण्याची सोय आहे, आणि फुलांच्या फोटोंना तेवढी पुरते.