आधुनिक कलाचळवळींवरील एक ऑनलाइन अभ्यासक्रम

चित्रकारांची नावे पाठ करून घेण्याऐवजी आधुनिक कलाचळवळींनी समाजाला काय दिले याचा शोध घेणारा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मला मनापासून आवडला. दृक्‌प्रत्ययवाद्यांनी (म्हणजे क्षणभर दिसणारा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी) १८७४ मध्ये पॅरिसला स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा झालेली त्यांची टिंगल आणि पुढे बदललेली लोकांची नजर, हा प्रवास थोडक्यात पण नेमका मांडला आहे. सर्वांत सरस भाग १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि वस्तुरचना शिकवणाऱ्या संस्थेचा. तिथले रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांच्या खुर्चीतील वाकवलेल्या पोलादी नळ्या आणि त्यांवर ताणलेले कापड पडद्यावर अगदी जवळून दाखवत, कारखान्यात घडणारी रोजच्या वापरातली वस्तूही देखणी असावी हा आग्रह कसा रुजला, हे शिक्षक समजावून सांगतात. नाझींच्या दडपणामुळे ही संस्था १९३३ मध्ये बंद पडली; मोकळ्या सर्जनशीलतेची सत्तेला किती धास्ती वाटते, हे त्यावरून कळते, आणि म्हणूनच हा भाग शाळांतूनही दाखवला जावा असे मला वाटते. अमूर्त चित्रकलेला मात्र फारच कमी वेळ मिळाला आहे. बाउहाउसमध्येच शिकवणारे अमूर्त चित्रकार कान्डिन्स्की केवळ उल्लेखापुरते येतात, ही उणीव खटकते. स्वाध्यायांत कोलाज करायला लावतात, तेव्हा कात्री आणि जुनी वर्तमानपत्रे आधीच जवळ ठेवावीत.